पोट्टे पोसाले कालेज काहून?



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. काहींना बियाण्याची चौकशी करायची असते आणि काहींना लेकरांच्या पुढच्या शिक्षणाची. दोन्ही कामे एकाच हंगामातली आणि दोन्हींत निवड चुकली तर वर्ष वाया जाते. यंदा लोहाऱ्याच्या एका घरातली तीन पिढ्यांची माणसे एकदमच आली. मुलगी बारावी विज्ञान पास झालेली. ती म्हणते, परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन पदवी घ्यायची, पण शेतकीची नव्हे. तिथे लहान मुलांची वाढ आणि कुटुंबातली नाती हा विषय शिकवतात, तो तिला शिकायचा आहे. आई गप्प होती. वडील फीचा हिशेब विचारत होते. आजोबांनी मात्र सरळ विचारले, "साहेब, आमच्या मायनं सात पोट्टे वाढोले. तिनं कोन्तं कालेज केलं होतं? पोट्टे पोसाले कालेज काहून पाह्यजे?"

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात तो निघतो, तसाच दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसदच्या खेड्यांतही निघतो. म्हणून या वेळचे सदर पिकांना न देता या प्रश्नाला देत आहे.

आजोबांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या आया-आज्यांनी लेकरे वाढवली ती कष्टाने आणि शहाणपणाने वाढवली. अंगाला तेल लावून ऊन दाखवणे, अंगाई म्हणणे, रात्री गोष्ट सांगणे, यांत काहीच कमी नव्हते. परंतु सात वाढली म्हणताना जन्मली किती होती, हेही विचारावे लागते. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ मुले वर्षाची होण्याच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. मधल्या पन्नास वर्षांत आयांची माया वाढली असे झाले नाही. माया तेवढीच होती, तिला माहितीची जोड मिळाली. लस आली, दवाखान्यातले बाळंतपण आले, जुलाब झाल्यावर पाणी तोडू नये, उलट मीठ-साखरेचे पाणी पाजावे, हे घरोघर कळले.

शेतीचेही असेच झाले. आपले आजे-पणजे कॉलेजात न जाताच पेरत होते. तरी आज आपण माती तपासून घेतो, बियाण्याला प्रक्रिया करतो, कामगंध सापळे लावतो. जुने ज्ञान टाकून दिले नाही, ते पारखून घेतले. लेकरांच्या बाबतीत ही पारख करणारे शास्त्र म्हणजेच त्या मुलीने निवडलेला विषय होय.

हा विषय शिकवतात कुठे?

आपल्या महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांपैकी परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. नाईकसाहेब आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांचा १ जुलै हा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. या विद्यापीठात १९७६ साली गृहविज्ञान महाविद्यालय निघाले. आज त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. चार वर्षांची पदवी आहे. अन्न व पोषण, वस्त्रशास्त्र, घरातील साधनसंपत्तीचे व्यवस्थापन, विस्तार शिक्षण आणि मानव विकास व कुटुंब अभ्यास असे तिचे पाच भाग आहेत. या शेवटच्या भागालाच पूर्वी बालविकास व कौटुंबिक संबंध म्हणत.

कृषी विद्यापीठात हे महाविद्यालय कशासाठी, असे काहींना वाटेल. ज्यांनी ही योजना केली त्यांचा विचार साधा होता. शेत आणि घर हे एकाच संसाराचे दोन भाग आहेत. शेतात एकरी उतारा वाढला पण घरात लेकरू अशक्त राहिले, तर वाढलेल्या उताऱ्याचा उपयोग काय?

परभणी लांब वाटत असेल त्यांनी अमरावतीचा विचार करावा. आपला जिल्हा ज्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली येतो, तिथे गृहविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे. नागपूरला १९३२ साली स्थापन झालेले लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय आहे. मुंबईत महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही हा विषय पूर्वीपासून नावाजलेला आहे.

तिथे शिकवतात काय?

"लेकराला आंघोळ कशी घालायची ते शिकवत असतील," असे एक गृहस्थ मला हसून म्हणाले. तसे नाही. मूल पोटात असल्यापासून ते माणूस म्हातारा होईपर्यंत शरीर, बुद्धी, भाषा, मन आणि नाती कशी घडत जातात, याचा तो क्रमवार अभ्यास आहे. अशा महाविद्यालयांना जोडून एक बालवाडी असते. शेतकीच्या विद्यार्थ्याला जसे प्रक्षेत्र, तशी ही बालवाडी. विद्यार्थिनी तिथे कोपऱ्यात वही घेऊन बसते आणि एकेका मुलाची नोंद ठेवते. नोंदीचा नियम असा की आपले मत लिहायचे नाही, दिसले तेवढेच लिहायचे. "मुलगा हट्टी आहे" असे लिहिले तर ती नोंद बाद. "गोष्ट चालू असताना तीनदा उठला, दोनदा दाराकडे गेला, आजी दिसल्यावर बसला" असे लिहिले तर ती नोंद खरी.

हे वाचून तुम्हाला आपली कीड पाहणी आठवेल. कपाशीवर अळी आहे एवढे म्हणून भागत नाही. शेतात फिरून वीस झाडे पाहायची, फुले-बोंडे मोजायची आणि मग फवारायचे की नाही ते ठरवायचे. न मोजता फवारणारा पैसा घालवतो. न पाहता मुलाला हट्टी, मठ्ठ, नाठाळ ठरवणारा मूल घालवतो. दोन्हींचे नुकसान पुढच्या हंगामात कळते.

एक प्रयोग तुम्ही आज संध्याकाळी घरीच करून पाहा. एक बसकी रुंद वाटी आणि एक उंच अरुंद पेला घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर सारख्या दोन वाट्यांत सारखे पाणी भरा. दोन्हींत सारखेच आहे हे त्याच्याकडून वदवून घ्या. मग त्याच्या देखत एका वाटीतले पाणी पेल्यात ओता आणि विचारा, आता जास्त कुठे? बहुतेक मुले पेल्याकडे बोट दाखवतील. तोच प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विचारा. तो म्हणेल, "सारखंच तर आहे, तुम्हीच ओतलं." स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी असे साधे प्रयोग करून दाखवून दिले की लहान मूल म्हणजे कमी अकलेचा मोठा माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते आणि ती वयाप्रमाणे बदलते. चार वर्षांच्या मुलाला पेल्यात जास्त दिसते म्हणून त्याला कुणी मारत नाही. मग त्याच मुलाला आकडा उमगला नाही म्हणून पाठीत धपाटा का? अंकुर फुटला त्या दिवशी आपण बोंड मागतो का?

पहिले हजार दिवस

कपाशीचे पहिले साठ दिवस तणमुक्त राहिले पाहिजेत, हे मी तुम्हाला दरवर्षी सांगतो. त्या काळात राहिलेले तण पुढे कितीही निंदले तरी झालेली घट भरून येत नाही. लेकराचेही असे दिवस असतात. आईला दिवस गेल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे साधारण हजार दिवस. मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ याच काळातली. जन्मतः मुलाचे वजन अडीच किलोच्या खाली नसावे. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हावे. जन्माच्या वेळी सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षाला ७५ च्या आसपास जावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणे, सहा ते आठ महिन्यांत बसणे, वर्ष-सव्वा वर्षात चालणे आणि दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडून बोलणे, असा हा क्रम असतो. दोन-चार आठवडे मागे-पुढे झाले तर घाबरू नये. फारच मागे पडले तर "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात" म्हणून बसू नये, दवाखान्यात दाखवावे. बहिरेपण लवकर कळले तर उपाय होतो. उशिरा कळले तर वाचाही जाते.

आपल्या राज्याचे चित्र काय आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. म्हणजे तीनातले एक लेकरू. धान्य पिकवणाऱ्या घरांतली मुलेही यात आहेत. तूर आपल्या शेतात, सोयाबीन आपल्या शेतात, आणि लेकराच्या ताटलीत मात्र नुसता भात नाहीतर दुकानातले बिस्कीट. सहा महिने फक्त अंगावरचे दूध आणि सातव्या महिन्यापासून दुधाबरोबर मऊ वरणभात, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, कुस्करलेली भाजी, खात असाल तर अंडे. यात विकत आणायचे फार थोडे आहे. कमी पडतो तो वेळ आणि ती माहिती.

ज्यांनी शाळाच कुरणात नेली

मूल सांभाळायला वेळ कुठून आणायचा, हा शेतकरी बाईचा खरा प्रश्न आहे. निंदण, वेचणी, सोंगणी, पाणी, सरपण यांत तिचा दिवस संपतो. तान्हे मूल थोरलीच्या कडेवर आणि थोरलीची शाळा बंद. हे दुखणे जुने आहे आणि त्यावर औषधही आपल्या महाराष्ट्रातच निघाले आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते हे काम राहू नये म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आजच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी गावी आल्या. मूळच्या मोरगावच्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर आपणच वस्तीत जाऊ आणि कुणाच्या तरी अंगणात बालवाडी भरवू, असे त्यांनी ठरवले. तीच अंगणवाडी. महागडी खेळणी त्यांनी आणली नाहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतून मोजणे आणि रंग ओळखणे शिकवले.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले गुरे चारायला जात, शाळेत येत नसत. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. मुले कुरणात असतील तर शाळाही कुरणात, म्हणून कुरणशाळा काढली. कडेवर भावंड घेऊन फिरणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिचे नाव विकासवाडी. धाकटे पाळणाघरात खेळते, थोरली शेजारी शिकते. बाईंनी पाहणी केली, अडचण नेमकी कुठे आहे ते शोधले आणि तिथेच उपाय केला. बालविकासाच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला दुसरे उत्तर देण्याची गरज नाही. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, पण त्यांचे खरे स्मारक आपल्या प्रत्येक गावात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ताराबाईंचाच "अंगणवाडी" हा शब्द देशभर गेला.

म्हणून अंगणवाडीला "खिचडीची शाळा" म्हणू नका. तिथे वजन होते, लसीकरणाची आठवण होते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेची गोडी लागते. मुलाचे वजन केले की वाढीच्या तक्त्यावर ठिपका पडतो. तो तक्ता बाईंना मागून स्वतः पाहा. रेघ वर चढत असेल तर बरे. आडवी झाली तर चौकशी करा. खाली आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाती हासुद्धा अभ्यासाचा विषय

या विषयाचा दुसरा अर्धा भाग कौटुंबिक नात्यांचा आहे आणि आपल्या भागाला तो अधिक लागू आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार हरवलेल्या मुलांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांकडून अहवाल मागवला. तो १९५१ साली निघाला. मुलाला अन्न-वस्त्राइतकीच एका भरवशाच्या माणसाची गरज असते, हे त्यात ठासून सांगितले होते. पुढच्या अभ्यासात असेही दिसले की ते माणूस आईच असले पाहिजे असे नाही. बाप, आजी, आजोबा, काकू, कुणीही रोजचे, हाकेला ओ देणारे माणूस चालते. आपले एकत्र कुटुंब ही या बाबतीत मोठी ठेव आहे. लोहाऱ्यासारख्या गावात आता थोडी शेती, थोडी औद्योगिक वसाहतीतली नोकरी असे चालते. आई-बाप दोघेही दिवसभर बाहेर असतात. तिथे घरातली म्हातारी माणसे म्हणजे ओझे नव्हे, लेकराची पहिली शाळा आहे. त्यांच्या हातात मोबाईल देऊन लेकरू गप्प बसवू नका, लेकराच्या हातात तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की वर्षाच्या आतील मुलाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासाहून अधिक नको.

आता थोडे अवघड बोलतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात आपला यवतमाळ होता. का होता, ते सांगायला नको. कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे यांचा विचार त्यात झाला. पण ज्या घरात वर्ष बुडते, त्या घरातली बारा वर्षांची पोर काय पाहते? बाप बोलेनासा झाला. आई स्वयंपाकघरात रडते. कुणी काही सांगत नाही. मुले न सांगताही ओळखतात आणि जे सांगितले जात नाही ते आपल्यामुळेच झाले असे समजतात. या शास्त्रातली ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. मुलांपुढे आकडे मांडू नका, पण खरे सांगा. "यंदा कापूस कमी झाला, पैशाची ओढ आहे, तुझा काही दोष नाही, आपण मिळून निभावू." इतके चार शब्द पुरतात.

आणि बायकोला कर्जाचा खरा आकडा सांगा. सावकाराला माहीत, कृषी केंद्रवाल्याला माहीत आणि घरच्या लक्ष्मीला मात्र माहीत नाही, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. ओझे दोघांनी उचलले की अर्धे होते. मन फारच खचत असेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही शासनाची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. अंगात ताप आला की आपण गोळी घेतो, मनात ताप आला तर बोलायला लाज कसली?

अशा घरांत जाऊन बोलणारी, मुलांची पाहणी करणारी, सासू-सुनेत मध्यस्थी करू शकणारी शिकलेली माणसे आपल्याला हवी आहेत. ती बाहेरून येणार नाहीत, आपल्याच मुलींतून तयार होतील. आणि मुलांतूनही, कारण या पदवीला मुलगेही जाऊ शकतात.

मुलीला पाठवायचे तर

आता व्यवहाराचे. परभणीच्या पदवीचा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेतून होतो. त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे कागद पेरणीच्या घाईआधीच तहसीलमधून काढून ठेवावेत. २०२४-२५ या वर्षापासून राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. निवडलेल्या अभ्यासक्रमाला ते लागू आहे की नाही, हे महाविद्यालयाला विचारावे. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च मात्र धरावाच लागेल.

पदवीनंतर वाटा बऱ्याच आहेत. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्पाची कामे, कृषी विज्ञान केंद्रातले गृहविज्ञानाचे पद, बालवाडी व विशेष मुलांच्या शाळा, समुपदेशन, स्वयंसेवी संस्था आणि पुढे शिकून प्राध्यापकी. कोणतीही पदवी नोकरीची हमी देत नाही, शेतकीचीही देत नाही. जागा निघतील तेव्हा परीक्षा द्यावी लागेल. पण नोकरी मिळो वा न मिळो, हे शिक्षण वाया जाणारे नाही, एवढे खात्रीने सांगतो.

एक धोका मात्र बोलून दाखवतो. "गृहविज्ञान शिकलेली, घरकामात हुशार" असे म्हणून काही घरे या पदवीकडे स्थळासाठीची पदवी म्हणून पाहतात आणि दुसऱ्या वर्षीच लग्न ठरवतात. तसे करू नका. अर्ध्यात काढलेली मुलगी म्हणजे पात्यावर उपटलेली कपाशी. आणि बारावीच्याही आधी हात पिवळे करणाऱ्यांना तर कायद्याचीच आठवण द्यावी लागते. त्याच २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठरा पूर्ण होण्याआधी झालेली आढळली. कोवळ्या वयाची आई आणि कमी वजनाचे बाळ हे जोडीनेच येतात. ज्या घरात मुलगी चार वर्षे अधिक शिकते, त्या घरातल्या पुढच्या पिढीचे वजन तिथपासूनच वाढायला लागते.

या महिन्यात एवढे करा

१. मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर अंगणवाडीत जाऊन वजन करा आणि वाढीचा तक्ता बापाने पाहावा. आईने तर पाहावाच.

२. फवारणीची औषधे आणि रिकामे डबे कुलपात ठेवा. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय हाहाकार उडाला तो विसरू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध कधीही ओतू नका. लेकराला बाटली ओळखता येते, विष ओळखता येत नाही.

३. रोज अर्धा तास लेकराशी बोला. शेतातून आल्यावर आज काय केले ते त्याला सांगा, त्याचे ऐका. तान्ह्या पोळ्याला त्याच्याबरोबर बसून मातीचा बैल करा. सागरगोटे, चिंचोके, भातुकली हे खेळ म्हणजेच त्याचा अभ्यास आहे.

४. थोरल्या मुलीला भावंड सांभाळण्यासाठी शाळेतून काढू नका. वेचणीच्या दिवसांत चार घरांनी मिळून एक आजी ठरवा. ती चारही घरांची लेकरे एका अंगणात पाहील. ताराबाईंनी हेच केले होते.

५. मुलांसमोर मारहाण आणि शिवीगाळ बंद. दारू पिऊन घरात येणाऱ्याने हे दोनदा वाचावे.

६. बारावी झालेल्या मुलीला पुढे काय शिकायचे ते विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

शेतातले पीक चुकले तर पुढचा पाऊस येतो. लेकराच्या पहिल्या वर्षांना दुसरा पाऊस नाही. तेव्हा बियाण्याची पिशवी घेताना जशी चार दुकाने फिरता, तशी लेकरांच्या आणि लेकींच्या बाबतीत चार ठिकाणी चौकशी करा, मग निर्णय घ्या. पुढच्या वेळी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल लिहीन.